धामण जेवेना तो उन्हाळा

वैशाख लागला की मला एका जागी बसवत नाही. बार्शीच्या आमच्या घरात दुपारी सगळे आडवे होतात, खिडक्यांवर ओली पोती टांगलेली असतात, आणि मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते. पालथी भांडी उताणी करते, उताणी पालथी घालते. दोरीवरचे वाळलेले कपडे पुन्हा एकदा झटकते. सासूबाई डोळे न उघडताच म्हणतात, "पड की गं घटकाभर." मी पडते, आढ्याकडं बघते आणि उठून बसते. झोप येत नाही असं नाही, पडून राहणं जमत नाही. एका उन्हाळ्यात मी इतकी पडून राहिले की पुढच्या सगळ्या उन्हाळ्यांचं पडणं तेव्हाच संपून गेलं.

त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. पहिल्या खेपेला माझं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं. म्हणून दुसऱ्या वेळी मला लवकरच माहेरी, सोलापूरला भवानी पेठेत, आणून सोडलं. दवाखान्यातल्या बाईंनी तपासून सांगितलं, "ओझं उचलायचं नाही, जिना चढायचा नाही, पडून राहायचं." आईनं ते शब्द देवाच्या अंगाऱ्यासारखे कपाळाला लावले. मागच्या पडवीत माझी बाज टाकली, कारण घरात तीच जागा त्यातल्या त्यात गार. शेजारी विणकरांची घरं. त्यांच्या मागांचा खटका सकाळी सुरू व्हायचा तो दिवेलागणीलाच थांबायचा. त्या खटक्याला ताल होता, पण माझ्या जिवाला नव्हता. पोटातलं हललं की वाटायचं, का हललं? नाही हललं की वाटायचं, का नाही हललं?

आणि त्याच पडवीत, माझ्या बाजेपासून जरा अंतरावर, एक मोठं लाकडी खोकं होतं. खोक्यावर तारेची जाळी, जाळीवर जुना दगडी पाटा. आत धामण होती.

ती अण्णांनी आणली होती. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, दोन गल्ल्या पलीकडच्या सुताच्या वखारीवर कारभारी होते. वखारीत उंदरांनी उच्छाद मांडलेला. गासड्या कुरतडायचे, सुताच्या लडींत घरटी करायचे. मी येण्याआधी काही दिवस अण्णा गावाबाहेर एका ओळखीच्या माणसाच्या मळ्यात गेले होते. तिथं विहिरीतला गाळ काढणं चाललं होतं. गाळाच्या पाटीबरोबर ही धामण वर आली. लोकांनी पहारी उचलल्या. अण्णा मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "मारू नका. मला द्या." पोत्यात घालून घरी घेऊन आले. थोडे दिवस घरात ठेवायची, माणसाच्या वावराला सरावू द्यायची, मग वखारीत सोडायची, असा त्यांचा बेत.

आईचं डोकंच फिरलं. "शिवा शिवा! पोटुशी पोर येनार हाय घरात, अन् तुमी जनावर घिऊन आलाव?"

"बिनविषारी हाय गं."

"इषाचं कोन इचारतंय? खायाला काय घालनार हाव तिला?"

खरा पेच तिथंच होता. आम्ही लिंगायत, घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नाही. आई अक्कलकोटाकडची, गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी. सापाला हाकलावं, तर तो महादेवाच्या गळ्यातला. उपाशी ठेवावं तर पाप. आणि उंदीर घालावा तर तो गणपतीचं वाहन, तेही पाप. आईनं मधला मार्ग काढला. वाटीभर दूध खोक्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी वाटीत मुंग्या तरंगत होत्या, आणि धामण वाटीला पाठ करून वेटोळं घालून बसली होती.

मग मी आल्यावर अण्णांनी वखारीतल्या पिंजऱ्यातला उंदीर आणून सोडला. मी बाजेवरून मान वर करून बघत होते. धामणीनं त्याच्याकडं तोंडसुद्धा वळवलं नाही. तो बिचारा आधी कोपऱ्यात थरथरत बसला, मग धीट झाला, मग तिच्याच अंगावर चढून मिशा साफ करू लागला. अण्णा कपाळाला हात लावून माझ्या बाजेच्या कडेला बसले. "घ्या! आता उंदराला बसायला पाट झाला हिचा."

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी ते तळ्याकडं गेले आणि ओल्या पिशवीतून एक बेडूक घेऊन आले. तो खोक्यात पडला आणि मला काही दिसलंच नाही, इतक्या चटकन ती सरकली. नंतर दिसले ते तिच्या जबड्याबाहेर राहिलेले दोन पाय. मी तोंड फिरवलं. पण अण्णांचा आवाज ऐकला. कितीतरी दिवसांनी तो आवाज असा मोकळा झाला होता. "हिरीत जलमली, बेडकावर वाढली. उंदीर खात्यात हे तिला ठावंच न्हाय!"

आता मागं वळून पाहते तेव्हा कळतं, अण्णांनाही त्या उन्हाळ्यात कशात तरी हात गुंतवायचा होता. लेक घरात पडून आहे, पहिलं गेलं आहे, दुसऱ्याचं काय होईल ठाऊक नाही, आणि बापानं त्याबद्दल काही विचारायचं नसतं. मग ते धामणीचं विचारायचे. संध्याकाळी घरात पाऊल टाकताच, "काय म्हनते?" मी सांगायची, "आज दोनदा पाणी प्यायली. उन्हाची तिरीप आली तेव्हा त्या कोपऱ्यात गेली." आम्ही बापलेक धामणीचं बोलायचो, आणि आई स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची.

बेडूक काही फार दिवस पुरले नाहीत. तळ्याच्या कडेचा चिखल वाळून भेगा पडल्या, तसे ते जमिनीत कुठंतरी खोल गेले. अण्णा पहाटेच निघायचे, पण पिशवी कोरडी घेऊन यायचे. ती उपाशी. उंदीर पुढ्यात, आणि ती उपाशी. माझी चिडचिड व्हायची. आईनं ताट आणलं की मलाही घास गिळवायचा नाही, आणि खोक्याकडं बघून मी मनात म्हणायची, खा की गं बाई, एवढं समोर आहे.

एके दिवशी अण्णांनी एक थोराड उंदीर आत टाकला आणि वखारीतून बोलावणं आलं म्हणून तसेच निघून गेले. आई नळावर गेली होती. माझा डोळा लागला. जाग आली ती कुरकुर आवाजानं. वाळलेली साल कुणी कुरतडावी तसा आवाज. मी वाकून पाहिलं, तर तो उंदीर धामणीची शेपटी खात होता. रक्त आलं होतं, आणि ती उलटून चावत नव्हती, नुसती अंग चोरत होती.

मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. पाटा उचललेला आठवतो. तो दोघींनी धरून उचलायचा पाटा होता. सांडशीनं उंदराला धरून अंगणात फेकलेला आठवतो. आणि मग पाटा परत जाळीवर ठेवताना पोटात खालच्या अंगाला एक कळ आली, ती मात्र अजून जशीच्या तशी आठवते. मी बाजेवर येऊन पडले, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि वाट बघत राहिले. माग चालू होते. पडवीतलं ऊन भिंतीवरून सरकत उंबऱ्याशी आलं. पोटात काहीच हालचाल नव्हती. आई आली, तिनं सांडशी जमिनीवर पाहिली, जाळीवर वाकडा बसलेला पाटा पाहिला आणि तिच्या हातातली घागर तशीच राहिली. मग घागर खाली ठेवली. माझ्याजवळ येऊन बसली, आपलाही हात माझ्या हातावर ठेवला. कितीतरी वेळाने आतून एक हलकी लाथ बसली. आम्हा दोघींच्या हाताला एकदमच कळली. आई पदर डोळ्यांना लावून उठली आणि म्हणाली, "जनावराला हळद लावू दे त्येंना आल्यावर."

पण जखम भरायच्या आधीच दुसरं संकट आलं. धामणीचे डोळे पांढरे झाले. आधी धुरकट, मग थेट दुधाळ, वरून साय धरल्यासारखे. अंगाची चमक गेली. हाताची चाहूल लागली तरी ती दचकून मागं सरायची. आणि नेमकी त्याच दिवशी शेजारची नरसम्मा ताक मागायला आली. नरसम्मा विणकराची बायको, तोंडाची फटकळ पण मनाची वाईट नव्हती. तिनं जाळीतून डोकावलं, माझ्याकडं पाहिलं आणि गालावर बोट ठेवलं.

"अय्यो! सावली पडली की हो पोरीची. गर्भारशीची सावली पडली की साप आंदळा होतो, माहीत नाही का तुमाला?"

आईनं तिच्या भांड्यात ताक ओतलं आणि तिला वाटेला लावलं. पण संध्याकाळी तिनं माझ्या बाजेच्या आणि खोक्याच्या मध्ये आपलं जुनं लुगडं बांधून टाकलं.

लुगड्यापलीकडून ती दिसेना, पण सरपटण्याचा आवाज यायचा. मी माझ्याच सावलीवर पहारा करू लागले. सकाळी ती भिंतीकडं असते, दुपारी बाजेखाली गोळा होते, कलत्या उन्हात लांब होऊन लुगड्यापर्यंत जाते. तेवढा वेळ मी पाय पोटाशी घेऊन, अंग आखडून पडायची. पहिलं मूल गेलं तेव्हाही असंच झालं होतं. कुणी माझ्या तोंडावर काही म्हणालं नाही, पण बायका उठून जाताना लेकरांना माझ्या समोरून उचलून न्यायच्या. अंधश्रद्धा आहे हे मला शाळेत शिकवलेलं होतं. पण पांढरे डोळे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते, त्याचं काय करायचं?

बातमी बार्शीला पोचायला वेळ लागला नाही. एका सकाळी आमचे हे दारात उभे. हे तिथल्या शाळेत मास्तर. अंगावर प्रवासाची धूळ, टोपी हातात. पाण्याचा तांब्या घेतला, पण पाणी प्यायले नाहीत.

"सामान बांध. दुपारच्या गाडीनं जायचं आहे."

अण्णा वखारीत जायला निघाले होते, ते थांबले. म्हणाले, "जावईबापू, येवढ्या उन्हात तिला गाडीतनं न्यायचं..."

"या घरात ठेवण्यापेक्षा बरं. सापाच्या शेजारी बायको ठेवून मी तिकडं मुलांना गणित शिकवत बसू?" ह्यांचा आवाज चढला. "माझं एक गेलं आहे, अण्णा."

'माझं' म्हणाले. त्या मुलाबद्दल ह्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. अण्णांची मान खाली गेली. मला वाटतं, ते त्याच क्षणी धामणीला सोडून द्यायला तयार झाले होते. वाकून पोतं शोधायलाही लागले. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नाही येणार."

ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू हा आवाज कुणाचा ते त्यांना कळलंच नव्हतं.

"तिचे डोळे उघडेपर्यंत मी इथून हलणार नाही," मी म्हणाले. "आज मी गेले, तर सगळे म्हणणार, हिच्या सावलीनंच झालं. उद्या पोटातल्याला काही झालं, तरी तेच म्हणणार. तुम्हीही म्हणाल."

"मी कशाला म्हणेन?"

"म्हणणार नाही. पण मनात येईल."

हे हातातली टोपी फिरवत राहिले. खोटं बोलणं ह्यांना तेव्हाही जमत नव्हतं, आजही जमत नाही. आईनं पानं मांडली होती. ह्यांनी टोपी घातली आणि न जेवता निघून गेले. जाताना अण्णांकडं पाहिलंही नाही. आई भरल्या पानापुढं बसून राहिली. मला भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या खाली काहीतरी घट्ट लागलं होतं, पहिल्यांदाच.

मग नुसती वाट पाहणं. त्या दिवसांत वारा पडला होता. लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. अण्णा पिशवी घेऊन सूत रंगवणाऱ्यांच्या मोरीपर्यंत, नळाच्या डबक्यापर्यंत फिरून यायचे, एखादाच बेडूक मिळायचा, आणि ती तोही खायची नाही. मी मनातल्या मनात हिशेब करत होते: हिचे डोळे आधी, की माझं दुखणं आधी?

एका सकाळी लुगड्यापलीकडून घासल्याचा आवाज आला. मी लुगडं बाजूला केलं. ती खोक्याच्या खडबडीत फळीवर तोंड घासत होती, पुन्हा पुन्हा, हट्टानं. ओठांपाशी साल सुटली. मग ती स्वतःच्या कातडीतून बाहेर येऊ लागली, घामानं अंगाला चिकटलेली चोळी उलटी काढावी तशी. मागं पांढरी कात राहिली, आणि त्या कातीच्या तोंडाला डोळ्यांच्या जागी दोन गोल झाकणं होती, काचेसारखी. नव्या अंगाची ती पुढं सरकली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. काळे, ओले, चकचकीत डोळे.

"आई!" मी ओरडले. आई धावत आली. मी बोट दाखवलं. आईनं पाहिलं, तशीच मागल्या दारी गेली आणि भिंतीवरून हाक मारली, "नरसम्मा! ये हिकडं. ये, आन् बघ." नरसम्मा आली, वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "माझं तोंड जळो." आणि दुपारी पदराखालून दोन पाडाचे आंबे आणून माझ्या उशाशी ठेवून गेली. आईनं मधलं लुगडं सोडून घडी करून ठेवलं.

आता भूक तिलाही लागली होती. पण उंदराला ती अजूनही शिवेना. घरात माठात ठेवलेला बेडूक एकच उरला होता. तो द्यायचा की ठेवायचा यावर अण्णांचं ठरत नव्हतं. त्यात एक दिवस पिंजऱ्याची कडी मोडली, म्हणून अण्णांनी वखारीतून एक लहान उंदीर बेडकाच्याच पिशवीत घालून आणला. तो खोक्यात सोडला मात्र, धामणीनं मान उचलली. जीभ आत-बाहेर, आत-बाहेर. त्याच्या मागं मागं सरकली, अगदी जवळ गेली, आणि थबकून परत फिरली. आजवर तिनं उंदराकडं इतकं बघितलंच नव्हतं.

"अण्णा," मी म्हणाले, "पिशवी."

"पिशवीचं काय?"

"तिला बेडकाचा वास आला. उंदराला पिशवीचा वास लागलाय."

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी माठातला तो शेवटचा बेडूक काढला, दुसऱ्या हातात उंदराला मानेशी फडक्यानं धरलं, आणि बेडकाचं ओलं अंग त्याच्या डोक्याला, पाठीला चोळलं. आई देवघराचं दार लावून घेऊन आत बसली. उंदीर खोक्यात गेला. धामण आली, जीभ लावली. एकदा, दोनदा. मग तिनं त्याला डोक्याकडून धरलं.

मी या खेपेला तोंड फिरवलं नाही. एवढे दिवस जे व्हावं म्हणून तडफडत होते ते बघायचं नाही, हे मला बरं वाटेना. उंदराच्या बाजूनं त्या घरात कुणीच नव्हतं. त्याची धडपड थांबेपर्यंत बघितलं. देवघराच्या दारामागून आईचा आवाज आला, "खाल्लं का?"

"व्हय," अण्णा म्हणाले. त्यांनी हात फडक्याला पुसले.

त्या बेडकाला मग आमच्या घरात मोठा मान आला. त्याच्या माठाभोवती ओलं फडकं असायचं. माठात पाणी आहे का ते आईच बघायची. दर खेपेला अण्णा वास थोडा कमी लावायचे. आधी सगळ्या अंगाला, मग नुसत्या डोक्याला, मग नुसत्या नाकाला. आणि एके दिवशी त्यांनी काहीच न लावता उंदीर सोडला. आम्ही दोघं जाळीवर वाकून बसलो. तिनं जीभ काढली, थांबली. इतकी थांबली की अण्णांचा हात आपोआप माठाकडं गेला. आणि तिनं उंदीर धरला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला मुलगी झाली. भर दुपारी, सगळे माग चालू असताना. दुखणं लांबलं, सुईणीचा चेहरा मध्येच उतरलेला मी पाहिला, आणि मग तो रडण्याचा आवाज आला. अण्णा बाहेर उन्हात अनवाणी उभे होते, असं आईनं नंतर सांगितलं.

बारशाला हे आले. आईला नमस्कार केला. अण्णांनी "या" म्हटलं, ह्यांनी मान हलवली, आणि तेवढ्यावर दोघांचं बोलणं संपलं. मुलीला मांडीवर घेऊन हे बराच वेळ अवघडून बसले. मग आईकडं तिला देऊन उठले आणि एकटेच मागच्या पडवीत गेले. थोड्या वेळानं अण्णांपुढं येऊन उभे राहिले.

"आत काही नाही."

"वखारीत सोडली परवा."

"मला बघायची होती," हे म्हणाले.

अण्णांनी खुंटीवरचा पटका उतरवला. पाहुण्यांनी घर भरलेलं, पानं मांडायची वेळ, बाहेर पाय टाकवत नव्हता असं ऊन, आणि सासरा-जावई एकापाठोपाठ एक गल्लीतून चालत निघून गेले. बायका बोलत राहिल्या, पाळणा म्हटला गेला, मुलीचं नाव ठेवलं गेलं. बाप आणि आजोबा दोघंही तिथं नव्हते. मी अंथरुणावर बसून सारखी दाराकडं बघत होते. भांडणं तर नाही झाली? धामण तर नाही चावली?

दिवे लावायच्या सुमाराला दोघं परत आले. डोक्यावर, भुवयांवर, मिशांवर सुताचा पांढरा भुसा. दुपारभर गासड्यांवर बसून होते, हे दिसतच होतं. अण्णा पाय धुवायला गेले. हे माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबले.

"दिसली?" मी विचारलं.

"नाही. दोन गासड्यांच्या फटीत काहीतरी हललं, पण अण्णा म्हणतात तो उंदीर होता." ह्यांनी भुवईवरचा भुसा पुसला. "उद्या सकाळी लवकर जाणार आहोत. अण्णा म्हणतात, ऊन चढायच्या आधी बाहेर येते."